शिकारी रायफलचा फिनिश निवडताना: ब्लूइंग ठेवावं की रंग द्यावा?

रायफलच्या धातूला कोणता फिनिश करून घ्यावा, हे ठरवायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: जास्त टिकेल कुठला? याला सरळ उत्तर नाही, कारण दोन्ही जातींचे फिनिश खराब होतात, फक्त वेगवेगळ्या तऱ्हेने. ब्लूइंग, म्हणजे रसायनांनी पोलादावर आणलेली निळसर-काळी झाक, हळूहळू विरळ होत जाते. कडांवर आधी पांढुरकं पोलाद दिसू लागतं, आणि तेल लावायचं राहिलं तर दमट हवेत एका रात्रीत तांबूस ठिपके उमटतात. रंग मात्र कित्येक महिने जसाच्या तसा राहतो आणि एक दिवस दगडावर आपटल्यावर त्याचा टवका उडतो. म्हणून माझं म्हणणं असं, की फिनिश नवा असताना कसा दिसतो हे बघू नका, तो कसा बिघडतो हे बघा. कोणता बिघाड तुम्हाला डोळ्यांआड करता येईल, कोणता घरच्या घरी सावरता येईल, आणि कोणत्यासाठी रायफल पुन्हा कारागिराकडे द्यावी लागेल, एवढं कळलं की निवड जवळजवळ आपोआप होते.

पहिली पायरी: हातातली रायफल नीट ओळखा

रायफल रिकामी आहे याची खात्री आधी. मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग दस्त्याचे स्क्रू सोडवून नळी आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा मधला भाग) बाहेर काढा. हे काम बरेच जण टाळतात, आणि नेमका गंज तिथेच लपलेला असतो: दस्त्याच्या कडेची रेघ संपते त्याच्या किंचित खाली, जिथे पावसाचं पाणी उतरतं आणि सुकायला वाव नसतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या रायफलला तिथे खड्डे पडलेले असू शकतात. असे खड्डे असतील तर कोणताही फिनिश करण्याआधी घासकाम लागणार हे धरून चाला.

आता धातू कोणता ते बघा. नळी आणि रिसीव्हर साध्या क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाचे असतील, तर ब्लूइंगपासून रंगापर्यंत सगळे पर्याय खुले आहेत. स्टेनलेसला नेहमीचं ब्लूइंग पकडत नाही. इथे एक गल्लत हमखास होते. लोक लोहचुंबक लावून बघतात, चिकटला की साधं पोलाद म्हणतात. पण रायफलच्या नळ्यांसाठी जे स्टेनलेस सर्रास वापरतात, म्हणजे ४१६ आर, त्यालाही चुंबक चिकटतो. त्यामुळे चुंबकावर विसंबू नका, कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. चुंबकाचा खरा उपयोग ॲल्युमिनियम ओळखायला होतो. ट्रिगर गार्ड, मॅगझिनची तळपट्टी, दुर्बिणीच्या कड्या हे भाग पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असतात, आणि गरम ब्लूइंगच्या टाकीतला कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम अक्षरशः खाऊन टाकतो. असा एखादा भाग चुकून टाकीत गेला, तर टाकीला फेस येतो आणि भाग वाया जातो.

सध्याचा फिनिश कुठला, हेही पाहून घ्या. ब्लूइंगमधून धातूचा पोत आणि यंत्रावर उमटलेल्या बारीक रेघा दिसत राहतात. फॉस्फेटचा थर राखाडी आणि किंचित खरखरीत असतो, नखाने ओढलं तर जाणवतो. रंगाच्या थरामुळे कोरलेल्या अक्षरांचे कोपरे थोडे बोथट दिसतात. शंका असेल तर दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं ॲसिटोन लावून बघा. साधा डब्यातला स्प्रे असेल तर रंग कापसावर उतरतो, ओव्हनमध्ये भाजलेला सिरॅमिक थर ढिम्म हलत नाही.

शेवटी वय आणि किंमत. विंचेस्टर मॉडेल ७० या रायफलीची बनावट १९६४ साली बदलली, आणि त्याआधीच्या रायफलींना संग्राहकांकडे वेगळा भाव आहे. अशा रायफलीचा मूळ फिनिश निम्मा उडालेला असला तरी तोच मौल्यवान. नवं ब्लूइंग केलं तरी किंमत उतरते, रंग दिला तर विचारूच नका. रायफल जुनी, वारशाने आलेली किंवा नक्षीकाम केलेली असेल, तर तेल लावून तशीच ठेवा. पुढचं वाचन तुमच्या दुसऱ्या रायफलीसाठी.

दुसरी पायरी: पारंपरिक फिनिश म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

ब्लूइंग हा वरून चढवलेला थर नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागाचंच रूपांतर करून मॅग्नेटाइट नावाचा काळा ऑक्साइड तयार केलेला असतो. म्हणजे एक प्रकारचा गंजच, पण चिवट आणि धातूला घट्ट धरून बसणारा. त्याची जाडी दोन-अडीच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर सहसा जात नाही, त्यामुळे सुट्या भागांची मापं बदलत नाहीत आणि बोल्ट पूर्वीइतकाच सहज फिरतो. पण इतका पातळ आणि सच्छिद्र थर पाणी अडवत नाही. गंज अडवतं ते त्यात मुरलेलं तेल. ब्लूइंगला नावं ठेवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हे कधी लक्षातच घेतलेलं नसतं.

आजच्या कारखान्यातल्या बहुतेक रायफलींवर असतं ते गरम ब्लूइंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांचं तीव्र द्रावण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळत ठेवतात आणि घासून स्वच्छ केलेले भाग त्यात बुडवतात. काम झटपट होतं, रंग एकसारखा येतो. चमक किती येणार हे मात्र टाकीवर नाही, आधीच्या पॉलिशवर ठरतं. आरशासारखं पॉलिश केलं तर गडद तकाकी, वाळूचा मारा केला तर मॅट काळा. हे काम घरी करू नका. त्या तापमानाच्या द्रावणात थोडं पाणी सांडलं तरी ते उसळून अंगावर येतं.

दुसरी जात गंज-ब्लूइंगची, ज्याला रस्ट ब्लूइंग म्हणतात. ही पद्धत मला सगळ्यात आवडते, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त. स्वच्छ, तेलविरहित नळीवर आम्लाचं सौम्य द्रावण अगदी पातळ पुसतात. हातात सुती मोजे असावेच लागतात. एका बोटाचा ठसा राहिला तर शेवटी तो ठसा नळीवर कायमचा दिसतो. मग नळी दमट पेटीत टांगून ठेवतात. काही तासांत तिच्यावर मखमलीसारखा बारीक, सारखा, नारिंगी गंज चढतो. ही नळी उर्ध्वपातित पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळली, की तो नारिंगी गंज डोळ्यांदेखत काळा पडतो. वर काजळीसारखी जी भुकटी बसते ती मऊ तारेच्या ब्रशने झाडून काढायची. पहिल्या फेरीनंतर नळी फिकट राखाडी आणि ठिगळं लावल्यासारखी दिसते, आणि नवख्याला वाटतं काम फसलं. तसं नसतं. हीच फेरी पुन्हा पुन्हा करायची, रंग आणखी गडद होईना की थांबायचं. तयार झालेला थर गरम ब्लूइंगपेक्षा चिवट असतो आणि त्याला एक मंद, खोल काळेपणा असतो. तोटा उघड आहे: माणसाचे दिवस लागतात, म्हणून खर्च जास्त.

मात्र एका ठिकाणी गंज-ब्लूइंग ही चैन नसून गरज आहे. दुनळी रायफली आणि बंदुकांच्या नळ्या, तसंच जुन्या रायफलींच्या माशीचा (नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या खुणेचा) पाया, कित्येकदा शिसं-कथलाच्या झाळणाने जोडलेला असतो. गरम ब्लूइंगचे क्षार हे झाळण पोखरतात आणि जोड सुटतो. दुनळीला गरम ब्लूइंग करून देतो म्हणणारा कारागीर भेटला, तर रायफल उचला आणि घरी या.

बाकीचे प्रकार थोडक्यात. नायट्र ब्लूइंग म्हणजे वितळलेल्या नायट्रेटमध्ये सुमारे ३०० अंशांवर भाग बुडवून आणलेला मोरपिशी निळा. स्क्रूंवर आणि छोट्या भागांवर फार सुंदर दिसतो, संरक्षण नाममात्र. रिसीव्हरवरच्या निळ्या-तपकिरी लाटा म्हणजे कलर केस हार्डनिंग. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात भाग तापवून तो पाण्यात विझवतात, त्यातून हे रंग येतात. उन्हाने आणि हाताळण्याने ते फिके पडतात. बाटलीतलं थंड ब्लूइंग हे सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांचं द्रावण. ते खरचटलेल्या जागा झाकण्यापुरतं. अख्खी रायफल त्याने रंगवली तर काही दिवसांत हातात धरायच्या जागा उघड्या पडतात.

आणि पार्करायझिंग, म्हणजे फॉस्फेटचा थर. त्याचं मूळ १९०६ च्या इंग्लंडमधल्या कॉसलेट यांच्या पेटंटपर्यंत जातं. नाव पडलं ते अमेरिकेतल्या पार्कर कंपनीवरून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हत्यारांवर हाच फिनिश होता. दिसायला रूक्ष, पण त्याचा खडबडीतपणाच कामाचा: त्यात तेल धरून राहतं आणि चमक अजिबात नसते. शिकारी रायफलींवर तो फारसा दिसत नाही, हे मला जरा अन्यायाचंच वाटतं. मेहनतीच्या रायफलीला, आणि पुढे कधी रंग द्यायचा झाला तर त्याखालचा पाया म्हणूनही, तो उत्तम.

तिसरी पायरी: ‘रंग’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात

सगळ्यात खालची पायरी डब्यातल्या स्प्रेची. कॅमोफ्लाज छटांमधला मॅट रंग, तासाभरात काम. तो टिकत नाही, बंदूक साफ करायच्या सॉल्व्हंटने विरघळतो, दस्त्यापाशी आणि बोल्टच्या मुठीपाशी लवकर उडतो. पण म्हणून तो टाकाऊ नाही. स्वस्त, सिंथेटिक दस्त्याच्या रायफलीला एका हंगामापुरता रंग हवा असेल, आणि तो पुढे ॲसिटोनने काढून टाकता यावा असं वाटत असेल, तर हा प्रामाणिक पर्याय आहे.

त्याच्या वर दोन घटकांचे, हवेत वाळणारे रंग. ड्युराकोट हे त्यातलं ओळखीचं नाव. रंगात हार्डनर मिसळून स्प्रे गनने मारतात. हात लावण्याइतका तो लवकर सुकतो, पण पूर्ण पक्का व्हायला महिना-दीड महिना घेतो. त्या काळात रायफल खोक्यात कोंबली की स्पंजचे वळ उमटतात. ज्याच्याकडे मोठा ओव्हन नाही त्याच्यासाठी ठीक.

तिसरे ओव्हनमध्ये भाजायचे. सेराकोटची एच मालिका हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण: पॉलिमरमध्ये सिरॅमिकचे सूक्ष्म कण, जाडी साधारण १२ ते २५ मायक्रॉन, धातूचे भाग १२१ अंश सेल्सिअसवर दोन तास भाजायचे. गन-कोट याच जातीतला, मात्र त्याला सुमारे १६३ अंशांवर तासभर लागतो. नीट केलेला असा थर घाम, पाऊस, खारी हवा, सॉल्व्हंट यांना दाद देत नाही, आणि स्टेनलेस, ॲल्युमिनियम, साधं पोलाद या सगळ्यांवर सारखाच बसतो. तीन वेगळ्या धातूंची रायफल एका रंगात आणायची असेल तर दुसरा सोयीचा मार्ग नाही.

‘नीट केलेला’ या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. थराची ताकद बाटलीत कमी आणि तयारीत जास्त असते. क्रम असा: सगळे भाग सुटे करायचे, ॲसिटोनमध्ये भिजवून तेल काढायचं, मग ते ओव्हनमध्ये तापवायचे. तापवल्यावर स्क्रूच्या आट्यांतून आणि झिरपलेल्या फटींतून लपलेलं तेल घामासारखं बाहेर येतं. ते पुसून पुन्हा तापवायचं, काही येईनासं होईपर्यंत. त्यानंतर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या शंभर नंबरी कणांचा मारा करून पृष्ठभाग एकसारखा खरबरीत करायचा, म्हणजे रंगाला पकड मिळते. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही. यातली तापवण्याची फेरी वाचवली की काय होतं, ते ओल्या भिंतीला रंग देणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. तेलाचा एक थेंब भाजताना वर येतो, तिथे फुगा धरतो आणि काही महिन्यांनी तिथूनच पोपडा सुटतो. रंग वाईट निघाला म्हणून ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याचशा इथून सुरू होतात.

जाहिरातीत मिठाच्या धुक्याच्या चाचणीचे तास मोठ्या अक्षरांत दिलेले असतात. ती चाचणी म्हणजे ३५ अंश सेल्सिअसच्या पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सतत मारत राहणं. दोन उत्पादनांची तुलना करायला ती बरी. पण तुमची रायफल सपाट पत्रा नाही. ती काटेरी तारेवर घासते, गाडीच्या दारावर आपटते. ओरखडा पडल्यावर काय, हे त्या तासांत लिहिलेलं नसतं.

रंग आणि ब्लूइंग या दोन्हीत न बसणारं एक नाव ऐकायला मिळेल: नायट्रायडिंग. वितळलेल्या क्षारांत सुमारे ५८० अंशांवर पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात. पृष्ठभाग अतिशय कठीण होतो, काळा दिसतो, गंज फारच कमी धरतो, आणि मापं जवळजवळ बदलत नाहीत. नवी रायफल घेताना कारखान्यातूनच असा फिनिश मिळत असेल, तर बाकीचा वाद बाजूला ठेवून घ्या. जुन्या, पुष्कळ चाललेल्या नळीवर मात्र नंतर करून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

चौथी पायरी: रायफल खरंच कशी वागवली जाते, हे स्वतःशी खरं बोला

इथे बरेच जण स्वतःला फसवतात. आपण रोज संध्याकाळी रायफल पुसू असं सगळ्यांना वाटतं. भिजून, दमून परतल्यावर किती जण पुसतात?

खारी हवा, सततचा पाऊस, घोड्यावरच्या खोगिरातलं किंवा गाडीतलं आयुष्य, आणि तेल लावायची सवय नाही: भाजलेला रंग घ्या, आणि शक्य असेल तर स्टेनलेसवर घ्या. टवका उडालाच तर खालचं स्टेनलेस लगेच गंजणार नाही. ‘लगेच’ म्हणतो, कारण स्टेनलेसही गंजतं, फक्त उशिरा. घामात मीठ असतं आणि काहींचा घाम फारच तिखट असतो. त्यांनी धरलेल्या ब्लूइंगवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तपकिरी रंगात उमटलेले दिसतात. तुमचे ठसे उमटत असतील तर निदान हाताळण्याच्या भागांना रंगच बरा.

कोरडी हवा, लाकडी दस्ता, वर्षातून मोजक्या शिकारी, आणि परत आल्यावर चिंधी फिरवायला हात शिवशिवत असतील, तर ब्लूइंग. लाकडाशेजारी मॅट सिरॅमिक थर मला कधी शोभलेला दिसला नाही. ही आवडनिवड आहे हे मान्य, पण आवडनिवड हाही फिनिश निवडण्याचा एक रास्त आधार आहे.

कडाक्याच्या थंडीचं काय? तिथे धोका बर्फापेक्षा उबदार खोलीचा. गार रायफल आत आणली की तिच्यावर क्षणात दव जमतं, बोल्टच्या आतही. बाहेरचा रंग आतल्या स्प्रिंगला वाचवत नाही. रायफल बाहेरच कुलूपबंद ठेवता येत असेल तर ठेवा, नाहीतर आत आणल्यावर दव पूर्ण विरेपर्यंत थांबून मग आतून-बाहेरून पुसा. फिनिश कोणताही असो, हे चुकत नाही.

चमकेबद्दल एक गोष्ट. हरणासारख्या प्राण्यांना लाल-नारिंगी छटा नीट वेगळ्या ओळखता येत नाहीत, पण निळ्या टोकाकडचा प्रकाश त्यांना आपल्यापेक्षा चांगला दिसतो. उन्हात फिरलेल्या चकचकीत नळीचा झटकन चमकणारा पट्टा त्यांना हालचालीसकट दिसतो. तेव्हा कॅमोफ्लाज नक्षीवर पैसे घालण्यापेक्षा साधा मॅट पृष्ठभाग महत्त्वाचा. तो ब्लूइंगमध्येही मिळतो, फक्त पॉलिशच्या जागी वाळूचा मारा सांगावा लागतो.

पाचवी पायरी: रंग कुठे जाऊ द्यायचा नाही

हिशोब करून बघा. थर २५ मायक्रॉनचा धरा. बोल्टच्या दोन्ही बाजूंना रंग लागला तर त्याची जाडी ५० मायक्रॉनने वाढली. तो ज्यात सरकतो त्या रिसीव्हरच्या आतल्या दोन्ही बाजूंना लागला तर जागा ५० मायक्रॉनने कमी झाली. एकूण एक दशांश मिलिमीटर गेला. ढिल्या बोल्टला ते चालेल, नेमक्या बसवलेल्या बोल्टला नाही. तो अडखळेल किंवा चिखल लागताच जाम होईल.

म्हणून नळीचं आतलं तोंड आणि खोबणी, चेंबर, बोल्टचे लॉकिंग लग (गोळी झाडताना बोल्ट जागी अडकवून धरणारे उंचवटे), बोल्टचा दर्शनी भाग, फायरिंग पिन, ट्रिगरचे घासणारे पृष्ठभाग, आणि स्क्रूचे आटे या जागा झाकून घेतल्याच पाहिजेत. त्यासाठी उष्णता सोसणारी टेप आणि सिलिकॉनचे बुच मिळतात. लॉकिंग लगवरचा थर फक्त घर्षण वाढवतो असं नाही, बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर बदलतो, आणि तो थर झिजला की अंतर पुन्हा बदलतं. ही सुरक्षिततेची बाब आहे, दिसण्याची नव्हे.

सीरियल नंबर रंगानंतरही स्पष्ट वाचता आला पाहिजे. वाळूच्या जोरदार माऱ्याने किंवा जास्त पॉलिशने उथळ कोरलेले आकडे पुसट होतात, आणि नंबर पुसलेली बंदूक बाळगणं अनेक देशांत गुन्हा आहे. तुमच्या देशात रायफल परवान्याशिवाय कारागिराकडे सोपवता येते का, तेही आधी बघा.

सहावी पायरी: कारागिराशी बोलताना

भाव विचारण्याआधी त्याने केलेली, दोन-तीन हंगाम वापरलेली रायफल बघायला मागा. नवी कोरी सगळ्यांचीच छान असते.

ब्लूइंगवाल्याकडे पॉलिश बघा. चांगल्या हाताच्या पॉलिशमध्ये रिसीव्हरच्या सपाट बाजू सपाट राहतात, कडा धारदार राहतात, स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखा खोलगटपणा येत नाही. गोल पडलेल्या कडा आणि पुसट अक्षरं म्हणजे मोटरच्या चाकावर घाई झाली. रिसीव्हर ओतीव असेल तर जांभळट छटा येण्याची शक्यता आहे का, हे त्याला स्पष्ट विचारा. काही मिश्रधातू टाकीत कितीही ठेवले तरी काळे होत नाहीत, जांभळेच राहतात. प्रामाणिक कारागीर हे आधीच सांगतो.

रंगवाल्याला विचारायचं ते वेगळं. भाग तो स्वतः सुटे करतो की तुम्ही करून द्यायचे? तेल काढायला तापवतो का, किती वेळा? बोल्टचं काय करतो? दुर्बिणीच्या कड्यांखालची जागा कोरी ठेवतो की रंगवतो? आणि टवका उडाला तर पुढे काय? ‘आमचा टवका उडतच नाही’ असं उत्तर आलं तर मी तरी दुसरीकडे जाईन.

सगळी रायफल एकाच फिनिशची हवी असा नियम नाही. नळी आणि रिसीव्हरला भाजलेला रंग, बोल्ट मात्र कोरा, पॉलिश केलेला: ही जोडणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. बोल्ट सतत घासला जातो, तिथला कोणताही रंग शेवटी रेघा दाखवतोच.

सातवी पायरी: रायफल परत आल्यावर

गरम ब्लूइंग करून आली असेल तर पहिले काही आठवडे फटींवर लक्ष ठेवा. माशीच्या पायापाशी, नळी रिसीव्हरमध्ये शिरते तिथे, पांढरी भुकटी दिसली तर टाकीतले क्षार आत अडकून राहिलेत आणि आता बाहेर येतायत. पुसून, तेल लावून भागत नसेल तर कारागिराकडे परत द्या. ते क्षार आतून पोखरत राहतात. रंग करून आली असेल तर बोल्ट हळूहळू फिरवून कुठे अडतो का बघा, आणि नळीत उजेड धरून आत रंगाचा शिंतोडा नाही ना याची खात्री करा.

दोन्ही बाबतींत नळी दस्त्यातून निघालेली असते आणि दुर्बीण काढलेली असते. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या ताणाने कसा आणि शिकारीला जाण्याआधी नेम पुन्हा लावून घ्या. नवा रंग बघण्याच्या आनंदात हे राहून जातं, आणि मग पहिली गोळी वीतभर बाजूला जाते.

देखभाल, जशी ती प्रत्यक्षात होते

ब्लूइंगला तेलाचा थर हवा, पण ओघळणारा नको. चिंधीवर दोन थेंब घेऊन सगळीकडे फिरवले की पुरे. जास्त तेल दस्त्याच्या लाकडात उतरतं आणि रिसीव्हरभोवतीचं लाकूड काळं, मऊ करतं. म्हणूनच काही जण रायफल तोंड खाली करून ठेवतात. रायफल बरेच महिने कपाटात राहणार असेल तर तेलाऐवजी मेण लावा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स यासाठी चांगलं, हाताचे ठसेही ते बसू देत नाही. चामड्याच्या म्यानात किंवा स्पंजच्या खोक्यात रायफल साठवू नका. दोन्ही ओल धरून ठेवतात, प्रवासापुरतं ठीक.

ब्लूइंगवर गंजाचा ठिपका दिसला तर तेल टाकून थोडा वेळ मुरू द्या आणि चार शून्यांच्या स्टील वूलने अगदी हलक्या हाताने फिरवा. बाजारातलं गंज काढायचं आम्लयुक्त द्रावण किंवा व्हिनेगर लावू नका. ब्लूइंग हाही ऑक्साइडच. ती द्रावणं गंजासोबत तेही क्षणात उतरवतात आणि ठिपक्याच्या जागी चकाकता पांढरा डाग राहतो.

भाजलेल्या रंगाला साबणपाणी आणि कोरडं फडकं पुरतं. तरी नळीच्या आत, बोल्टवर आणि जिथे रंग नाही अशा सगळ्या जागी तेल लागतंच. रंग दिला म्हणजे साफसफाई संपली, असं समजणाऱ्यांच्या रायफली बाहेरून नव्या आणि चेंबरमध्ये तांबूस असतात.

टवका उडाला तर कडा नखाने उचकटू नका, लगेच त्याभोवती पुसून कोरडं करा. रंग भोवती घट्ट बसलेला असेल तर तेवढ्यापुरती दुरुस्ती घरी होते: उघडी जागा ॲसिटोनने दोन-तीनदा पुसायची आणि हवेत वाळणाऱ्या त्याच छटेच्या सिरॅमिक रंगाचा एक थेंब दातकोरण्याच्या टोकाने बसवायचा. डाग जवळून ओळखू येतो, पण पाणी अडतं. पूर्ण पक्का व्हायला त्याला पाचेक दिवस लागतात. तोवर त्या जागी तेल लावू नका आणि रायफल खोक्यात बंद करू नका. टवक्याच्या कडेने रंग फुगलेला दिसला, तर मात्र खाली गंज सरकायला लागला आहे आणि ठिगळाने भागणार नाही. तेवढा भाग पुन्हा उतरवून, तापवून, वाळूचा मारा करून नव्याने रंगवावा लागेल.